डोळ्याला लावायचा कॅमेरा

सातवीची सहल चारठाण्याला गेली तेव्हा फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. मी बोरीच्या शाळेत मराठी शिकवते, जिंतूरहून रोज जाऊन-येऊन करते. देवळं बघून झाली, मुलींनी डबे खाल्ले, आणि मग तिथल्या त्या उंच कोरीव खांबापुढं सगळ्यांना दाटीवाटीनं उभं करून मी मोबाइल धरला. एक फोटो काढला. बघितला तर सगळ्यांचे चेहरे ओल्या फडक्यानं पुसल्यासारखे. दुसरा काढला, तोही तसाच. श्वास रोखून आणखी एक काढला. मुली उन्हात डोळे बारीक करून ताटकळत होत्या.

"म्याडम, झालं का?" पुढच्या ओळीतून कुणीतरी विचारलं.

आमचे गणिताचे सर माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, स्वभावानं चांगले. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर सगळं हललंय की. राहू द्या म्याडम, मी काढतो." आणि मोबाइल माझ्या हातातून घेतला. माझाच मोबाइल.

त्यांचे फोटो चांगले आले. शाळेच्या ग्रुपवर गेले. एकात मीही आहे, कडेला, पदर खांद्यावर ओढून घेतलेला, आणि चेहरा असा की कुणीतरी आत्ताच रागावलंय.

माझे हात कापतात. चाळिशी उलटली तेव्हा सुरू झालं. परभणीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, काही लोकांचे कापतात. गोळी दिली. गोळीनं हात थोडे कमी कापतात आणि दुपारच्या तासाला मी वर्गात जांभया देते, म्हणून मी ती बंद केली. फळ्यावर लिहिताना मला काही अडचण येत नाही, कारण फळा हाताला टेकू देतो. अडचण आहे ती हवेत धरायच्या वस्तूंची. चहाचा कप, चमचा, सुईदोरा, मोबाइल.

लोक चांगलेच वागतात, आणि त्या चांगल्या वागण्यानंच मी वैतागते. मला कप अर्धाच भरून देतात. हळदीकुंकवाला कुणी माझ्या हातात अत्तरदाणी देत नाही. नणंद म्हणते राहू द्या वहिनी, शेजारीण म्हणते राहू द्या काकू. आणि आता सहलीत, मुलींसमोर, पुन्हा तेच.

परतीच्या जीपमध्ये मी खिडकीशी बसून विचार करत होते. लहानपणी माझ्या मामाकडं रोलचा कॅमेरा होता. मामा तो डोळ्याला लावायचा, कपाळाला टेकवायचा, दोन्ही कोपरं बरगड्यांशी घट्ट धरायचा आणि मग बटण दाबायचा. मोबाइल तसा धरताच येत नाही. तो समोर हवेत धरावा लागतो, आणि वर काचेवर बोट नेमकं टेकवावं लागतं. माझं बोट एकदा टेकवायला गेलं की दोनदा टेकतं. मला हवा होता तो खिशात मावणारा छोटा कॅमेरा, पण मामाच्यासारखी डोळ्याला लावायची खिडकी असलेला आणि बोटाखाली खरंखुरं दबणारं बटण असलेला. घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

माझे यजमान कोर्टात कारकून आहेत. माणूस शांत, पण साधा मिक्सर घ्यायचा तरी दहा जणांना विचारल्याशिवाय दुकानात पाऊल टाकत नाहीत. रात्री जेवताना मी विषय काढला.

"मला कॅमेरा घ्यायचाय."

"मोबाइलला हाय की."

"मोबाइलचा नको. वेगळा. डोळ्याला लावायचा."

"आता डोळ्याला कोण लावतंय?" ते हसून म्हणाले.

तिथंच मी कारण सांगायला हवं होतं. पण आमच्या घरात माझ्या हातांविषयी कुणी बोलत नाही. गरम पातेलं उतरवायचं असलं की हे न बोलता उठतात, उतरवतात आणि परत पेपर वाचायला बसतात. मीही काही म्हणत नाही. मला वाटलं, एकदा तोंडातून काढलं की मग रोजच त्यावर बोलणं होईल. म्हणून मी नुसतंच म्हटलं, "मला पाहिजे."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि आठवड्याभरात आमच्या गल्लीपासून कोर्टाच्या आवारापर्यंत सगळ्यांना माझ्या कॅमेऱ्याची काळजी लागली. कोर्टातल्या टंकलेखकांनी सांगितलं, मेगापिक्सेल बघा, बाकी सगळं झूट हाय. शेजारच्या इलेक्ट्रिकवाल्यांचं म्हणणं, झूम बघा, लांबचं जवळ दिसलं पाहिजे. एका वकिलांनी तर आवाज देऊन मला रस्त्यात थांबवलं आणि विचारलं, "वहिनी, काय यूट्यूब चॅनल काढायलात का?" मला लांबचं जवळ बघायचं नव्हतं. मला जवळचं नीट बघायचं होतं, पण ते ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

पुण्याला नणंदेचे जावई असतात. त्यांनी फोनवर सल्ला दिला की कॅमेऱ्याच्या भानगडीत पडू नका, नवा मोबाइल घ्या. हे तो सल्ला मला सांगताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"ते म्हणायलेत, आता असे मोबाइल आलेत म्हणे... हात हलला तरी चालतो."

म्हणजे ह्यांना कळलं होतं. आणि जावयांपर्यंतही पोचलं होतं. मी ताट उचललं आणि आत गेले. भांडी जरा जास्तच आवाज करून घासली.

रविवारी आम्ही एसटीनं परभणीला गेलो. पहिलं दुकान मोबाइलचं. काउंटरवरच्या मुलीनं "कॅमेरा" हा शब्द ऐकून दोन मोबाइल समोर ठेवले. मी म्हटलं, नुसता कॅमेरा. तिनं आतल्याला विचारलं, आतल्यानं नकारार्थी मान हलवली. दुसरं दुकान लग्नाच्या फोटोग्राफरांना सामान पुरवणारं. तिथं पोत्याएवढे कॅमेरे, ड्रोन, दिव्यांच्या छत्र्या. मालक ह्यांच्याशीच बोलत होता. सर, बजेट काय? सर, फंक्शनसाठी का? मी दोनदा मध्ये बोलले, त्यानं दोन्ही वेळा माझ्याकडे बघून मान डोलावली आणि उत्तर ह्यांना दिलं.

"घ्यायचा मला आहे," मी शेवटी म्हटलं.

"हो ना म्याडम," तो म्हणाला आणि पुन्हा ह्यांच्याकडे वळला. "तर सर..."

तिसरं दुकान जुनं, गल्लीतलं. तिथल्या काचेच्या कपाटात, घड्याळांच्या सेलशेजारी, छोटे कॅमेरे मांडलेले दिसले. गुलाबी, चंदेरी, काळे. मला इतका आनंद झाला की मी कपाटाला नाकच लावलं. दुकानदार म्हातारे गृहस्थ होते. म्हणाले, "चालू पीस हायेत सगळे, पण आता कोन घेत न्हाई." एक काळा कॅमेरा त्यांनी काढून माझ्या हातात दिला. वर कोपऱ्यात छोटी चौकोनी खिडकी होती. मी तो डोळ्याकडे नेला.

कुणी बघत असलं की माझे हात जास्त कापतात. दुकानदार बघत होते, गिऱ्हाइकं बघत होती, हे बघत होते. कॅमेरा माझ्या चष्म्यावर खट्कन आपटला.

"अरे अरे, राहू द्या म्याडम, पडंल," दुकानदार म्हणाले. त्यांनी तो माझ्या हातातून काढला आणि ह्यांच्यापुढं धरला. "साहेब, तुमी बघा."

आणि ह्यांनी तो घेतला. डोळ्याला लावला. खिडकीतून रस्त्याकडे बघून म्हणाले, "चांगला दिसायलाय की."

मी दुकानातून बाहेर पडले. हे मागून येईपर्यंत मी स्टँडच्या रस्त्याला लागलेही होते. स्टँडसमोरच्या रसवंतीत त्यांनी मला गाठलं, आणि दोन ग्लास मागवले. मी ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी रस सांडलाच.

"काय झालं एवढं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही घेतलात कशाला?"

"काय घेतलं? काहीच तर घेतलं न्हाई आपण."

"कॅमेरा. त्यांनी माझ्या हातातला काढून तुमच्यापुढं धरला आणि तुम्ही घेतलात."

"मग काय पडू द्यायचा होता?"

"पडला असता तर भरून दिला असता!" मी इतक्या जोरात बोलले की चरकावरच्या माणसानं ऊस घालायचा थांबवला. मग आवाज खाली आणून मी सगळंच सांगून टाकलं. "हात हलतो म्हणूनच मला तो पाहिजे. डोळ्याला टेकवला की हलायचं कमी होतं. मोबाइल हवेत धरावा लागतो. मेगापिक्सेल नको, झूम नको, मला टेकायला जागा पाहिजे. एवढं साधं आहे."

ह्यांनी ग्लास बाजूला सरकवला. "मग हे पहिल्याच दिवशी का न्हाई बोललीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"मला वाटलं, तुला आवडत न्हाई विचारलेलं."

"नाहीच आवडत."

जिंतूरची गाडी लागली, आम्ही चढलो. बोरी आली तसे हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "परत जाऊन घ्यायचा का तो?" मी नाही म्हटलं. त्या दुकानात मी पुन्हा पाय ठेवणार नव्हते.

मग मी स्वतः शोधायला बसले, मोबाइलवर, शाळेतून आल्यावर. त्या खिडकीला व्ह्यूफाइंडर म्हणतात हे कळलं. नव्या छोट्या कॅमेऱ्यांतून ती खिडकी जवळजवळ गेलीच आहे हेही कळलं. ज्यांना अजून आहे त्यांची किंमत मी मोठ्यानं वाचली, तेव्हा ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालून म्हणाले, "यात तर स्कूटी येती." हात हललेला सावरून घेणारी सोय कशाला आहे, कशाला नाही, बटण मोठं की बारीक, वजन किती, हे सगळं मी वाचायची. एका माणसाचं मत वाचून ठरवावं तर खाली दुसऱ्यानं लिहिलेलं असायचं की असला भंगार कॅमेरा मी बघितला नाही. सगळ्यांच्या तक्रारी भलत्याच असायच्या. कुणाला रंग फिके वाटत होते, कुणाला व्हिडिओ. कापणाऱ्या हातानं कुणी तो धरून पाहिलाय का, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

शेवटी एक मागवला. चित्रात खिडकी स्पष्ट दिसत होती. खोकं आलं, उघडलं, आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर काळोख. ती खिडकी नव्हतीच. काळी काच नुसती वरून चिकटवलेली होती, शोभेला. वजन म्हणाल तर साबणदाणीएवढं. इतकी हलकी वस्तू माझ्या हातात आली की हात आणखीच नाचतात, हे मला तेव्हा कळलं. ते खोकं परत पाठवायला जेवढा जीव गेला तेवढा मागवतानाही गेला नव्हता. उद्या माणूस येईल, परवा येईल. मग परभणीहून फोन, "म्याडम, तुमच्या एरियात पिकअप न्हाई." मी म्हटलं, "आणून द्यायला एरिया होता ना?" पलीकडच्या मुलानं फोन ठेवून दिला. खोकं शेवटी परत गेलं, पण तोवर माझ्या डोक्यातून कॅमेरा उतरत आला होता. शाळेत कुणी विचारलं, "काय म्याडम, घेतला का कॅमेरा?" की मी विषय बदलायची.

पाथरीच्या कॅमेऱ्याचं ह्यांनी काढलं. कोर्टात तारखेला आलेल्या एका पक्षकाराचा भाऊ पाथरीला फोटो स्टुडिओ चालवायचा. पूर्वी दर्शनाला आलेल्या लोकांचे फोटो काढायचा, आता लोक स्वतःच काढतात म्हणून फ्लेक्स छापतो. त्याच्याकडे एक जुना छोटा कॅमेरा पडून होता. ह्यांनी सगळी चौकशी आधीच केली होती. घरी येऊन म्हणाले, "खिडकी हाय. आरपार दिसतं. मी त्याला फोनवरच डोळा लावून बघायला लावलं."

सेलूमार्गे आम्ही पाथरीला गेलो. स्टुडिओवाल्यानं ड्रॉवरमधून कॅमेरा काढून माझ्यासमोर ठेवला, आणि तेवढ्यात त्याला फोन आला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आडनाव चुकलं होतं. "तुमीच तसं लिहून पाठवलंय साहेब, माझ्याकडं मेसेज हाय," असं म्हणत तो तावातावानं आत गेला आणि आतच भांडत राहिला. त्याला माझ्याकडे बघायला वेळच नव्हता, आणि माझ्या मनासारखं दुकान मला तिथं मिळालं.

हे दाराशी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी मुद्दाम रस्त्याकडे तोंड केलं.

मी कॅमेरा उचलला. हाताला चांगला जड लागला. चष्मा काढला, खिडकी डोळ्याला लावली, कपाळाला टेकवला, कोपरं बरगड्यांशी आवळली. समोर रस्त्याच्या पलीकडे एक बाई पेरू तोलत होती. खिडकीत ती आली, थोडी डुलली, आणि बऱ्यापैकी थांबली. मी बटण दाबलं. चांगलं खोल दबलं. चष्मा लावून मागच्या काचेवर बघितलं तर तराजू दिसत होता, पेरू दिसत होते, आणि तिच्या मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वाचता येत होती. मी ती अक्षरं खरोखरच वाचली, ओठ हलवून, पहिलीतल्या पोरीसारखी.

आणखी काढले. एसटीचा फोटो, कुत्र्याचा, ह्यांच्या पाठीचा. काही हलले, काही नाही.

स्टुडिओवाला घाम पुसत बाहेर आला. "घ्यायचाय का नुसतं बघायलात?"

"घ्यायचाय."

हे पुढं आले आणि कॅमेरा न उचलता, टेबलावरच वाकून त्यांनी सगळ्या बाजूंनी तपासला. बॅटरीचं झाकण रबरबँडनं बांधलेलं होतं, मागच्या काचेवर आडवी चीर होती. त्यांनी दोन्ही दोष मोठ्यानं बोलून दाखवले आणि भाव पाडून घेतला.

आता कॅमेरा आला म्हणजे माझं सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. घरात, ट्यूबलाइटखाली, त्याचे फोटो मोबाइलपेक्षा वाईट येतात. भर उन्हातच तो नीट चालतो. मी एक सोय शोधून काढली, बटण दाबून धरलं की तो शिवणयंत्रासारखा आवाज करत एकामागून एक फोटो काढत सुटतो, आणि त्यातला एखादा न हललेला निघतो. पण मग बाकीचे पुसत बसावं लागतं. फोटो मोबाइलवर घ्यायला एक वेगळी वस्तू लागते, ती कधी चालते, कधी चालत नाही. स्टाफरूममध्ये मी मोठ्या हौसेनं शाळेच्या मैदानाचे फोटो दाखवले, तर गणिताचे सर म्हणाले, "छान हायेत म्याडम. पण मोबाइलवर लय क्लिअर आले असते." खरं होतं ते. त्यांच्या हातून आले असते. मी कॅमेरा पर्समध्ये टाकला आणि तास नसताना उगीचच सातवीच्या वर्गाकडे निघून गेले.

उन्हाळ्याच्या सुटीत मी तो घेऊन सेलूला भावाकडे गेले. आई तिथं असते. माझे हात जसे कापतात तशी तिची मान हलते, कुणी काही विचारायच्या आतच ती नको म्हणत असल्यासारखी. तिचे अलीकडचे सगळे फोटो भाच्यांनी काढलेले, घाईघाईत, आणि प्रत्येक फोटोत कुणीतरी तिच्या हनुवटीखाली हात धरलेला. मी तिला अंगणात खुर्चीवर बसवलं.

"धरायला कुनी नगं का?" तिनं विचारलं.

"नको. बस तू नुसती."

"मग हालती बघ मी."

"मी पण हलते. बस."

तिची मान हलत होती, माझे हात हलत होते, आणि दोन्हीचा मेळ काही केल्या बसेना. मी कपाळावर वळ उठेपर्यंत कॅमेरा दाबून धरला. खुर्ची भिंतीला टेकवली, मी तुळशीकट्ट्याला टेकले. कॅमेरा कटकट कटकट करत राहिला. मला रडू यायला लागलं, रागाचं. एवढा आटापिटा करून मला आईचा एक फोटो काढता येऊ नये. आई मात्र मजेत होती. इतका वेळ तिच्याकडे कुणी बघत बसलं नव्हतं बहुतेक.

शेवटी एक फोटो निघाला, ज्यात तिचे मांडीवरचे हात, लुगड्याचे काठ, बांगड्या सगळं स्वच्छ आलं होतं, आणि चेहरा थोडासा हललेला. मी तो तिला दाखवायला तयार नव्हते. तिनं कॅमेरा ओढून घेतला, चिरेच्या वर-खाली बघितलं आणि म्हणाली, "हे बराबर हाय. आरशात अशीच दिसती मी."

तो फोटो मी परभणीला जाऊन छापून आणला. छापणाऱ्यानं विचारलं, चेहरा नीट करून देऊ का, कॉम्प्युटरवर. मी नको म्हटलं, आणि त्यानं आणखी काही विचारायच्या आत पुन्हा एकदा नको म्हटलं.

सध्या कॅमेरा बंद आहे. बॅटरी फुगली. तसली बॅटरी आता निघत नाही असं जिंतूरला सांगतात, परभणीला सांगतात की मागवावी लागेल, आणि मागवली की दुसरीच येते. ह्यांनी पुन्हा दहा जणांना विचारायला घेतलंय. काल कोर्टातून येताना त्यांनी एक बॅटरी आणली, मोठ्या उत्साहानं खिशातून काढली. ती नखभर जास्त लांब निघाली, झाकणच लागेना. मी चिडले, बोलले त्यांना. हे कानस आणायला निघाले, तर मी त्यांना दारातूनच परत बोलावलं आणि म्हटलं, "घासू नका, स्फोट होईल. उद्या बदलून आणा."